कर्न काउंटीच्या कोब्राचं तिसरं रीळ

१

‘कोब्रा ऑफ कर्न काउंटी’ या चित्रपटाचं तिसरं रीळ डब्यातून नाहीसं झालं होतं, आणि ज्यानं ते नेलं त्यानं त्याच्या जागी तेवढीच कोरी फिल्म नीट गुंडाळून ठेवली होती. इतका सभ्य चोर रेणूनं जन्मात पाहिला नव्हता.

शनिवारची सकाळ होती, लेबर डेच्या लाँग वीकएंडची. साल दोन हजार सहा. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज भागातल्या एका पत्र्याच्या गोदामात रेणू आणि तिचा मामा फिल्मचे डबे उघडून बघत बसले होते. गोदामात एसी नव्हता. मामाच्या मते एसी ही श्रीमंत निर्मात्यांची खोड होती.

मामाचं नाव गुरुनाथ धुरी. मालवणहून मुंबईला आणि मुंबईहून इथं तो आला इंजिनियर व्हायला, आणि आल्या आल्या हॉलिवुडच्या नादी लागला. म्हणजे तारे-तारकांच्या हॉलिवुडच्या नव्हे, त्याच्या मागच्या दाराच्या. पडद्यावर तो ‘गस ड्यूरी’ झाला आणि त्यानं तेहतीस चित्रपट काढले. नाग, निन्जा, भुतं, परग्रहावरचे खेकडे, जे स्वस्तात मिळेल ते. एकही चित्रपट थेटरात धड दोन आठवडे टिकला नाही, आणि एकाही चित्रपटात मामा बुडाला नाही. “मोठे लोक पिक्चर बनवतात,” तो अभिमानानं सांगायचा, “मी फोडणीचा भात करतो. काल उरलंय त्यात आज भागवायचं.”

आता ते गोदाम पाडणार होते. महिनाअखेरीस बुलडोझर येणार होता. डीव्हीडी काढणारी एक कंपनी तेहतीसच्या तेहतीस चित्रपट जपून ठेवायला घेणार होती, पण तिची अट मोठी खाष्ट होती. सगळे नाहीतर एकही नाही, आणि प्रत्येक फ्रेम मूळ फिल्मवरची हवी, व्हिडिओ टेपवरची चालणार नाही. मंगळवारी त्यांच्या बर्बँकच्या लॅबमध्ये तपासणी होती. तिथं एक रीळ कमी भरलं की मामाचं सगळं आयुष्य सरळ कचऱ्याच्या डंपस्टरमध्ये जाणार होतं.

“रीळ असं जाईलच कसं?” मामा स्टुलावर बसून पुटपुटला. “या पिक्चरचे डबे तर मी कित्येक वर्षांत उघडलेलेसुद्धा नाहीत.”

“पोलिसांना बोलवायचं का, मामा?”

“काय सांगू त्यांना? माझा नाग हरवला म्हणून?” त्यानं कपाळावरचा घाम पुसला. “तू शोध. तू टेस्टर ना? लोकांच्या चुका शोधायचा पगार घेतेस ना?”

सुट्टीसाठी मामाकडे आलेली रेणू बेलव्ह्यूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती हे खरं. पण तिथल्या चुका निदान कॉम्प्युटरमध्ये तरी असायच्या. तिनं ती कोरी फिल्म बोटांमधून सरकवली आणि थांबली. पुन्हा सरकवली. दर थोड्या अंतरावर बोटाला बारीकसा उंचवटा लागत होता.

“मामा, कोरी फिल्म सलग मिळते ना?”

“हजार हजार फूट मिळते.”

“मग ही ठिगळाठिगळांची का? इथून तिथून सांधे आहेत.”

मामाचं लक्षच नव्हतं. आणि रेणूला आपणच विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ लागत नव्हता.

२

कुलूप शाबूत होतं, खिडक्या नव्हत्याच. म्हणजे चोराकडे किल्ली होती, आणि मामाशिवाय किल्ली फक्त तिघांकडे होती.

पहिले श्रीरंग परुळेकर, मामाचे संकलक. म्हणजे शूट केलेल्या फिल्मचे तुकडे कापून जोडून त्यांचा चित्रपट बनवणारे. परळच्या एका लॅबमध्ये ही विद्या शिकून इथं आलेले, आणि तेहतीस चित्रपट एकट्यानं जोडलेले. दुसऱ्या विनीताकाकू, कोब्राच्या नायिका. ठरलेली अमेरिकन नटी पहिल्याच दिवशी आली नाही, म्हणून बँकेतल्या कॅशियर विनीताकाकूंना मामानं थेट नायिका केलं होतं. आता त्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष होत्या आणि मंडळाचं गणपतीचं मखर मामाच्या गोदामात ठेवायच्या, म्हणून त्यांच्याकडे किल्ली. तिसरी मोनाताई, मामाची एकुलती एक मुलगी, पॅसाडीनात जनावरांची डॉक्टर. तिघंही त्या आठवड्यात गोदामात येऊन गेले होते.

“यांच्यातलं कुणी चोर नाही,” मामा म्हणाला.

“मग तू आहेस का?”

“मी माझंच कशाला चोरू?” मामा चिडला. पुढं याच वाक्याची आठवण काढून रेणू पुष्कळ हसली, पण ते नंतर.

चोरीला काय गेलंय हे तरी बघावं म्हणून तिनं मामाच्या घरी कोब्राची जुनी व्हिडिओ टेप लावली, थेटरातल्या, केव्हाच भंगारात गेलेल्या कॉपीवरून उतरवलेली. टेप लावल्याबरोबर मामा भाजी आणायला म्हणून उठून गेला. भाजी घरात होती.

चित्रपट कसा होता हे विचारू नये. कोब्रा म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरची नळी होती आणि तिला डोळ्यांच्या जागी कोटाची बटणं होती. तिसऱ्या रिळात तळ्याकाठची सहल होती. सहलीला आलेले कॅलिफोर्नियन लोक म्हणजे अख्खं मराठी मंडळ. रविवारी बटाटेवडे खायला घालून मामानं सगळ्यांना पाण्यात बुडवलं होतं. वीज चमकली, नळी आली, विनीताकाकू पोहण्याच्या पोशाखात किंचाळत पाण्यात गेल्या. कोब्रानं मंडळाचे खजिनदारही खाल्ले.

पण त्याआधी काही सेकंद टेबलापाशी एक बाई दिसली. राणी रंगाची साडी, हातात चमचा. तिला कुणीतरी हाक मारली असावी. ती वळली, सरळ कॅमेऱ्यात पाहिलं आणि हसली. अभिनय नव्हताच तो. चुकून राहून गेलेलं हसू होतं.

ती सुलेखामामी होती. रेणूनं तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. कोब्रानंतरच्या वर्षी ती अचानक गेली, तेव्हा मोनाताई नऊ वर्षांची होती आणि मामी पुरती चौतीस वर्षांचीही नव्हती.

मामा पालकाची जुडी घेऊन परत आला. रेणूनं विचारलं, “मामा, मामीची दुसरी काही फिल्म नाही? घरची? वाढदिवस वगैरे?”

“नाही,” मामा म्हणाला. “फिल्म महाग असते, रेणू. मी म्हणायचो, घरच्या माणसांवर कशाला घालवा, ती रोजच दिसतात.”

तो पालक निवडायला बसला. रेणूला त्याची फार दया आली आणि चोराचा फार राग आला.

३

रविवारी सकाळी ती विनीताकाकूंना भेटायला सेरिटोसला गेली. तिचा संशय त्यांच्यावरच होता. तिसऱ्या रिळात काकू ज्या कपड्यांत होत्या त्या कपड्यांत मंडळाच्या अध्यक्षांना कुणी डीव्हीडीवर पाहावं, हे काकूंना कसं चालेल?

हॉलमध्ये गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाची तालीम चालू होती. काकू स्टेजवरून पोरांवर ओरडत होत्या. “अनीश, कमरेवरचे हात काढ! शिवाजी महाराज असे उभे राहत नाहीत!”

“बट इट्स कम्फर्टेबल,” महाराज म्हणाले.

रेणूनं भीतभीत विषय काढला. काकूंनी ऐकून घेतलं आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की तबलजी थांबला.

“अगं वेडे, त्या सीनचा फोटो माझ्या लिव्हिंग रूममध्ये लावलाय! माझी नातवंडं फ्रेंड्सना आणून दाखवतात. तेव्हाची फिगर बघ आणि आताची बघ. मी कशाला चोरू? मी तर पहिली कॉपी ऑर्डर करणार आहे.”

रेणूचा चेहरा पडला. एवढी छान शंका एका मिनिटात वाया गेली.

“आणि गुरुनाथला सांग,” काकूंचा आवाज एकदम खाली आला, “ते रीळ मिळायलाच हवं. सुलेखा आहे गं त्यात. माझीच राणी कलरची साडी नेसली होती. मी म्हटलं, भिजवू नकोस बाई, लग्नातली आहे. म्हणून तर तिला पाण्यात नाही घातलं, टेबलापाशी उभं केलं.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि पुढच्या क्षणी पुन्हा ओरडल्या, “अनीश, हात!”

४

श्रीरंगकाका रिसीडाला एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये राहत. लग्न केलं नव्हतं. रीळ गेल्याचं मामानं त्यांना शनिवारीच फोनवर सांगितलं होतं. त्यांनी चहा केला, बशीत खारी मांडली आणि रेणूनं प्रश्न विचारायच्या आतच म्हणाले, “मीच घेतलं ते.”

रेणूच्या हातातली खारी चहात पडली.

“तुम्ही? कधी?”

“एका दिवसात नाही घेतलं.”

“म्हणजे?”

“म्हणजे तेच. गुरुनाथला सांग, श्रीरंग चोर निघाला.”

“पण का, काका? आणि आहे कुठं ते? द्या ना मग! मंगळवारी तपासणी आहे, नाहीतर सगळं जाईल. तुमचंही काम आहे ना त्यात? तेहतीस पिक्चर तुमच्या हातचे आहेत!”

श्रीरंगकाकांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांची बोटं अजून संकलकाची होती, लांब आणि शांत. “द्यायसारखं असतं तर शनिवारीच नेऊन दिलं असतं,” ते म्हणाले. “मी शब्द दिलाय. याउपर मला विचारू नकोस, बाळा.”

रेणू गाडीत येऊन किल्ली न फिरवता नुसतीच बसून राहिली. तिच्या कामात चूक कबूल करणारा प्रोग्रॅमर हा दुर्मिळ प्राणी होता. इथं गुन्हेगारानं आपणहून गुन्हा कबूल केला होता, चहा पाजला होता, आणि तरी तिला पहिल्यापेक्षा कमी कळत होतं. शब्द कुणाला दिला होता? आणि हजार फुटांचं रीळ एका दिवसात न घेता कसं घेतात?

५

मोनाताईच्या क्लिनिकमध्ये टेबलावर एक इग्वाना, म्हणजे हातभर लांब सरडा, पडला होता आणि मोनाताई त्याच्या पोटावरून बोट फिरवत होती. तिनं मान वर न करता सगळं ऐकलं.

“श्रीरंगकाका चोर? नॉनसेन्स,” ती म्हणाली.

“तेच म्हणाले, ताई.”

“ही वुड से दॅट.” तिनं इग्वानाला उलटं केलं. “रेणू, सोड ना हे. पपानं माझ्याकडे येऊन राहावं. मागची खोली रिकामी आहे. किती वर्षं त्या पत्र्याच्या डब्यात घामाघूम होत बसणार तो? गेले पिक्चर तर गेले, यार.”

रेणूच्या डोक्यात दिवा लागला. पिक्चर गेले की मामा मोकळा, मामा मोकळा की मोनाताईच्या घरी. हेतू चांगला भक्कम होता. ती धीर करून म्हणाली, “पण मामीचा सीन आहे गं त्यात. टेबलापाशी हसते ती.”

मोनाताईचं बोट थांबलं. “माहितेय मला. हिरव्या साडीत.”

“राणी कलरची आहे साडी.”

“हिरवी आहे, रेणू.” ती असं म्हणाली जसं आपल्या घराच्या दाराचा रंग सांगावा.

“तू पिक्चर पाहिलायस?”

“नेव्हर. पपा टेप लावू द्यायचा नाही, आणि मलाही नको होता. आईला एक रबरी पाइप खातो, ते कशाला बघायचं?” तिनं इग्वानाला त्याच्या पेटीत ठेवलं. मग हात धुता धुता पाठमोरी म्हणाली, “तुला कुणीतरी चोर हवाच असेल तर मी आहे असं समज. काकांना त्रास देऊ नकोस.”

रेणू घराकडे निघाली तेव्हा तिच्याकडे रीळ एक आणि चोर दोन होते. वाटेत विनीताकाकूंचा फोन आला. “मोनाचा फोन आला होता गं, मी विचार केला. त्या दोघांवर बालंट येणार असेल तर खुशाल माझं नाव घे. माझं वय झालंय, मला कोण काय करणार?”

चोर तीन झाले. रेणूनं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. एकीनं पाहिलेली साडी राणी रंगाची, टेपवरची साडी राणी रंगाची, आणि जिनं चित्रपट पाहिलाच नाही तिची साडी ठामपणे हिरवी. त्या रंगात काहीतरी अडकलं होतं, पण काय ते तिला सापडेना.

६

रविवारी संध्याकाळी जेवताना मामाचं ताटात लक्ष नव्हतं. मन रमवावं म्हणून त्यानं आपल्या लाडक्या निन्जा चित्रपटाची टेप लावली. हा कोब्राच्या कितीतरी वर्षांनंतरचा. निन्जा तळ्याकाठी आला, वीज चमकली, आणि एक बाई किंचाळत पाण्यात गेली.

रेणूनं घास ताटात ठेवला. “मामा, या विनीताकाकू आहेत.”

“असतील. विनीता बऱ्याचदा असायची.”

“त्याच पोशाखात आहेत. त्याच तळ्यात. हाच शॉट आहे हा, कोब्रातला!”

“असेल,” मामा निर्विकारपणे म्हणाला. “मी श्रीरंगला सांगायचो, बाबा, एक वीज हवी, एक किंचाळी हवी, कुठूनही आण. नवी शूट करायला परवडते का? तो आणायचा.”

“कुठून आणायचा?”

“मी नाही विचारलं कधी.”

रेणू उठली आणि कपाटातल्या टेप एकामागून एक लावत सुटली. खेकड्यांच्या चित्रपटात त्याच वादळातली आणखी एक वीज होती. भुतांच्या चित्रपटात मंडळाचे खजिनदार पुन्हा मेले होते. विनीताकाकूंच्या एकाच बुडण्याचे पाच तुकडे पाच निरनिराळ्या चित्रपटांत होते, कुठं किंचाळी, कुठं हात, कुठं नुसते बुडबुडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. रीळ कुठं गेलंच नव्हतं. ते त्याच गोदामात होतं, बाकीच्या डब्यांमध्ये, तुकड्या-तुकड्यानं.

“मामा,” ती म्हणाली, “शॉट पुन्हा वापरायचा तर आधी त्याची कॉपी काढतात ना?”

“काढतात. पण लॅब त्याचे पैसे घेते.” बोलता बोलता मामाचा चेहरा बदलला. “मी श्रीरंगला कॉपीसाठी कधी काही दिलंच नाही,” तो हळूच म्हणाला. “मला वाटायचं, तो काहीतरी करत असेल.”

“करायचे ना. मूळ फिल्मच कापून द्यायचे. आणि नेलेल्या तुकड्याच्या जागी तेवढीच कोरी फिल्म जोडून ठेवायचे, म्हणजे जागा मोकळी राहायला नको. म्हणून एवढे सांधे! एकदम चोरलं असतं तर एकच सलग पट्टी असती. तू कोब्राचे डबे कधी उघडायचा नाहीस, म्हणून त्यांना तोच डबा सापडला. कित्येक वर्षं तू फोडणीचा भात मागत गेलास आणि ते तुझ्याच भांड्यातून काढून देत गेले.”

मामानं समोरचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, “म्हणजे मीच.”

“तूच, मामा.”

पण रेणूचं समाधान टिकलं नाही. दुसऱ्या चित्रपटांतून ते तुकडे पुन्हा उतरवून घेता आले असते, लॅबला ते अवघड नव्हतं. मग श्रीरंगकाका एवढी साधी गोष्ट सांगून मोकळे का झाले नाहीत? ती कोब्राची टेप पुन्हा लावून बसली आणि एकेक शॉट बाकीच्या चित्रपटांत शोधत गेली. वीज मिळाली, नळी मिळाली, खजिनदार दोन तुकड्यांत मिळाले.

मामीचं हसू कुठंच मिळालं नाही.

७

सोमवारी दुपारी रेणूनं सगळ्यांना गोदामात बोलावलं. विनीताकाकू डबाभर मोदक घेऊन आल्या. श्रीरंगकाका दारापाशीच उभे राहिले. मोनाताईनं गाडीची किल्ली हातातच ठेवली होती.

रेणूनं सांध्यांची गोष्ट सांगितली. श्रीरंगकाकांनी मान खाली घातली. “मूळ निगेटिव्ह कापणं हे आमच्या धंद्यात पाप, गुरुनाथ. पण तू रिकाम्या हातानं मागायचास, आणि मला नाही म्हणता यायचं नाही.”

“मग शनिवारी बोलला का नाहीस, गाढवा?” मामा म्हणाला. त्यात राग नव्हता.

“कारण एक तुकडा कुठल्याच पिक्चरमध्ये गेलेला नाही,” रेणू म्हणाली. “मामीचा. तो कामासाठी कापलेला नाही, मायेपोटी कापलाय.”

सगळ्यांनी श्रीरंगकाकांकडे पाहिलं. विनीताकाकूंच्या डोळ्यांत तर एक अख्खी प्रेमकथा तयार झाली.

“हो, मीच नेला होता,” काका घाईनं म्हणाले. “हरवला. घर बदलताना गेला.”

“काका, तुमच्या हातून फिल्म हरवत नाही. एकेक शॉट काढून तेवढीच कोरी पट्टी लावणारे तुम्ही.” आता जे बोलायचं होतं ते रेणूला बोलायचं नव्हतं. “निगेटिव्हमध्ये रंग उलटे दिसतात ना?”

काकांनी मोनाताईकडे पाहिलं.

“काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. आणि राणी रंग?”

“हिरवा,” श्रीरंगकाका अगदी हळू म्हणाले.

रेणू वळली. “मोनाताई, तू पिक्चर कधी पाहिला नाहीस. खरंय ते. तू फक्त निगेटिव्ह पाहिलीस. म्हणून तुझ्या आईची साडी हिरवी आहे.”

मोनाताईनं पर्स उघडली, तिच्यातून चष्म्याचं एक जुनं घर काढलं आणि त्यातून एक लहानशी गुंडाळी.

“काकांनी दिली मला,” ती म्हणाली. “आई गेली त्या वीकमध्ये. मी त्यांच्या टेबलाखाली बसून रडत होते. मी म्हटलं, कुणाला सांगायचं नाही. ही प्रॉमिस्ड.” तिनं वडिलांकडे पाहिलं. “पपा, तू तिचं नावसुद्धा घ्यायचा नाहीस. माझ्याकडे एवढंच होतं.”

मामा स्टुलावर खाली बसला.

“ताई, ही कंपनी नुसती कॉपी काढेल,” रेणू म्हणाली. “पट्टी तुझी तुला परत मिळेल. एका दिवसाचा प्रश्न आहे.”

“पट्टीचा प्रश्न नाहीये गं.” मोनाताईनं ती पट्टी दाराच्या उजेडात धरली. “बघ इथं. आईचे केस पांढरे आहेत.”

रेणूनं पाहिलं. बोटाएवढ्या चौकटीत एक बाई वळत होती. चेहरा गडद होता आणि केस पांढरेफेक.

“दर बर्थडेला मी हे खिडकीत धरून बघते. मला माहितेय ते खोटं आहे. पण माझ्यासाठी ती म्हातारी झाली, रेणू. माझ्या ग्रॅज्युएशनला, डिव्होर्सच्या वेळी, मी हिच्याशी बोललेय. पांढऱ्या केसांच्या बाईशी. एकदा ती स्क्रीनवर तरुण दिसली, की मग ही पुन्हा नाही दिसायची मला.”

विनीताकाकू उघड उघड रडत होत्या. मामा उठला. त्यानं लेकीच्या हातातली पट्टी घेतली नाही, फक्त तिच्या खांद्याशी वाकून तिच्याच उजेडात पाहिली, बराच वेळ.

“राहू दे,” तो म्हणाला. “आण तो डंपस्टर. तेहतीसच्या तेहतीस जाऊ देत. नागच आहेत सगळे रबराचे.” त्यानं पट्टीकडे बोट केलं. “हे तुझं आहे. मी एवढी फिल्म आयुष्यभर उधळली, तुला मात्र वीतभरसुद्धा दिली नाही.”

मोनाताई त्याच्याकडे पाहत राहिली. आपल्यासाठी बापानं काही सोडलेलं तिनं आजवर पाहिलेलं नव्हतं, आणि आता तो सगळंच सोडायला निघाला होता. रेणूला वाटलं, ती पट्टी पर्समध्ये ठेवेल. तसं झालं असतं तर रेणूनं तिला दोष दिला नसता.

“उद्या किती वाजता आहे?” मोनाताईनं विचारलं.

मंगळवारी बर्बँकच्या लॅबमध्ये अंधाऱ्या खोलीत ते पाचजण उभे राहिले. इतकी वर्षं टेप लागली की भाजी आणायला जाणारा मामा आज दाराकडे पाठ करून उभा होता. लॅबच्या मुलानं ती पट्टी मशीनवर चढवली, एक बटण दाबलं आणि पडद्यावरचे रंग सुलटे झाले. राणी रंगाच्या साडीतली, काळ्याभोर केसांची सुलेखा वळली आणि हसली.

मामाच्या तोंडून हुंदका फुटला. मोनाताई मात्र रडली नाही. ती एक पाऊल पुढं गेली. तिच्या स्वतःच्या केसांत कानाशी पांढरं दिसायला लागलं होतं.

“ही तर किती लहान आहे, पपा,” ती म्हणाली. “हिलाच कुणीतरी सांभाळायला हवं होतं.”

मामानं तिचा हात धरला. श्रीरंगकाकांनी कुणाला न विचारता त्या मुलाला खूण केली, आणि त्यानं पट्टी पुन्हा सुरुवातीपासून लावली.